भाच्याची अ‍ॅडमिशन, पियाजे आणि अंगणवाडी

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. पुण्याहून कराड, तिथून विट्याची एसटी धरून कडेगाव. चहा होतोय न होतोय तोवर ताईने भाच्याची वही पुढ्यात टाकली. पोरगं साडेतीन वर्षांचं. चार पानं भरून 'अ', चार पानं भरून एक ते दहा, आणि खाली लाल पेनने 'अक्षर सुधारणे'. शाळेच्या पाटीवर 'मॉन्टेसरी' लिहिलंय. भाचा मात्र वही दिसली की पोट दुखतं म्हणतो.

"तू एवढा शिकलायस, सांग बघू," ताई म्हणाली. "हीच शाळा ठेवू का समोरच्या अंगणवाडीत घालू? तिथं नुसतं खेळवत्यात अन् खिचडी देत्यात म्हणं."

तेव्हा काही उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर दोन-तीन वीकेंड वाचत बसलो. जे सापडलं ते इथे मांडतोय.

सुरुवात एका टेस्टिंगच्या नोकरीपासून करू. 1920च्या आसपास जाँ पियाजे नावाचा स्विस तरुण पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. काम कंटाळवाणं, किती उत्तरं बरोबर ते मोजायचं. पण त्याचं लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे गेलं. एका वयाची मुलं एकसारखीच चुकत होती. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये तोच एरर पुन्हा पुन्हा येत होता, म्हणजे तो योगायोग नव्हता. मूल म्हणजे कमी माहिती भरलेला छोटा मोठा माणूस नाही, त्याचं तर्कशास्त्रच वेगळं आहे, ही पियाजेच्या आयुष्यभराच्या कामाची दिशा इथून ठरली. त्याचा प्रसिद्ध प्रयोग घरी करता येतो. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्या आणि त्यातलं एक मुलासमोरच उंच, अरुंद ग्लासात ओता. चार वर्षांचं मूल बहुधा म्हणतं, उंच ग्लासात जास्त. सहा-सात वर्षांचं होईपर्यंत त्याचं त्यालाच कळायला लागतं.

पियाजेच्याच वर्षी, 1896 मध्ये, जन्मलेल्या रशियाच्या लेव्ह व्हायगॉट्स्कीने यात महत्त्वाची भर घातली. मूल एकट्याने काय करतं एवढंच बघू नका, कुणी थोडा हात दिला की काय करतं तेही बघा, कारण शिकणं त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात होतं. 1934 मध्ये क्षयाने तो गेला आणि त्याचं पुस्तक इंग्रजीत यायला 1962 उजाडलं. पुढे मार्गारेट डोनल्डसन आणि तिच्या सहकाऱ्याने 1970च्या दशकात दाखवलं की पियाजेचेच प्रश्न मुलांना ओळखीच्या, अर्थ लागेल अशा प्रसंगात घालून विचारले तर लहान मुलंही बरीच बरोबर उत्तरं देतात. म्हणजे आपण मुलाला कुठे बसवून, कशातून विचारतो यावरही बरंच अवलंबून.

आता आपल्याकडे येऊ. ही 'ओळखीच्या जागेची' गोष्ट एका मराठी बाईने त्याआधी कितीतरी वर्षं प्रत्यक्षात करून दाखवली होती. ताराबाई मोडक. 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार. पद्धत मॉन्टेसरीची. गंमत बघा, मॉन्टेसरीबाईंचं पहिलं बालगृह 1907 मध्ये रोमच्या गरीब कामगार वस्तीत उघडलं होतं. पण ती पद्धत जगभर पसरता पसरता महागड्या साहित्याची आणि शहरी घरांची होऊन बसली. खेड्यातल्या पोरांचं काय, हा प्रश्न ताराबाईंना टोचत होता.

1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. तिथे बालवाडी काढली, पण गरीब पाड्यांवरची मुलं येईनात. येणार कशी? कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कुणी गुरांमागे. मग बाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी म्हणायची, आणि मॉन्टेसरीच्या पेटीऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. लहान-मोठं ओळखायचं, जोड्या लावायच्या, मोजायचं, सगळं त्यातूनच. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणात गेली, कुरणशाळा! 1956-57 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर हललं आणि ताराबाईंच्या पश्चात अनुताईंनी शेवटपर्यंत चालवलं.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पोषण, लसीकरण, वजनाची नोंद ही सगळी मोलाची कामं त्यातून झाली. पण एकट्या सेविकेच्या डोक्यावर इतकी रजिस्टरं आली की शिकण्याची बाजू बऱ्याच ठिकाणी मागे पडली. आमच्या ताईच्या डोक्यात अंगणवाडी म्हणजे खिचडी, ते उगाच नाही. आणि दुसरीकडे मॉन्टेसरी हे नाव पाटीवर राहिलं, आत मात्र चार पानं 'अ'.

सगळंच संपलं असंही नाही. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात कुमठे बीट आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं हा विचार, वर्गात उतरवला. खडे, काड्या, फरशीवर आखलेले खेळ. महाराष्ट्रभरचे शिक्षक ते बघायला जाऊ लागले. 22 जून 2015 चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासन निर्णय निघाला त्या काळात कुमठ्याचं नाव सगळीकडे घेतलं जात होतं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा खेळातून शिकण्याचा टप्पा मानलाय.

आमच्या कडेगावात मोहरमचे गगनचुंबी ताबूत असतात. त्यांची बांधणी आधी कळस, मग पाया अशी होते. कारागिरांना ते जमतं, पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे. साडेतीन वर्षांच्या पोराला मात्र नाही जमत.

असो. गेल्या रविवारी ताईला फोनवरून ग्लासाचा प्रयोग करायला लावला. भाचा ठामपणे म्हणाला, उंच ग्लासात जास्त. ताईने सवयीने "चूक" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबली. मी म्हटलं, विचार त्याला, का? तो म्हणाला, "वर गेलंय की पाणी!" आम्ही दोघंही हसलो. उत्तर चूक, पण बघून, विचार करून दिलेलं. त्या वहीच्या आठ पानांत असं एकही उत्तर नव्हतं.

ताईची काळजी खोटी नाही. पुढे पहिलीच्या प्रवेशाला लिहिता येतं का असं विचारणाऱ्या शाळा आहेतच. म्हणून 'अंगणवाडीतच घाल' असं मी छातीठोक सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, दोन्हीकडे एकेक सकाळ जाऊन बस. पोरं काय लिहितात ते बघू नकोस. पोरगं चुकलं की बाई काय करतात, तेवढं बघ. जिथे "का रे?" असं विचारतात, तिथे घाल.

बुधवारी ती अंगणवाडीत जाऊन बसणार आहे. काय झालं ते कळवीनच.