विमान इंजिनातले तेलकट प्लग

विमानाच्या पेट्रोल इंजिनात तेलाने माखलेला स्पार्क प्लग ही पहिल्या महायुद्धाच्याही आधीची डोकेदुखी आहे. 1909 च्या सुमारास फ्रान्समधल्या सेगँ बंधूंचे ‘नोम’ रोटरी इंजिन विमानांवर बसू लागले. त्यात क्रँकशाफ्ट स्थिर असे आणि सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरत. वंगणाला एरंडेल वापरीत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. ते टाकीत परत येत नसे. फिरण्याच्या जोराने सिलिंडरच्या टोकाकडे फेकले जाऊन धुरासोबत बाहेर पडे. उतरताना जोर कमी करायला वैमानिक बटण दाबून ठिणगी तोडी, पण पेट्रोल आणि तेल आत येतच राही. बटण जास्त वेळ दाबले गेले की प्लग ओले होत आणि ऐन जमिनीजवळ इंजिन पुन्हा पेट घेत नसे.

कारण साधे आहे. प्लगच्या रोधकावर तेलकट काजळी बसली की वीज फटीत ठिणगी न टाकता त्या थरावरून कवचाकडे निसटते. रोधकाचे टोक 450 ते 500 अंश सेल्सिअस तापले तर काजळी आपोआप जळते. मंद चालणाऱ्या इंजिनात तेवढा ताप मिळत नाही. तेव्हाचे बरेच रोधक अभ्रकाचे होते. त्यांची जागा पुढे अ‍ॅल्युमिनाच्या भाजलेल्या रोधकांनी घेतली.

पुढच्या स्थिर रेडियल इंजिनांत उभ्या विमानाचे तेल खालच्या सिलिंडरांत झिरपे, म्हणून तिथले प्लग आधी तपासले जात. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो (ठिणगीची वीज निर्माण करणारी जनित्रे) ही रचना रुळल्यावर निदान सोपे झाले: एक मॅग्नेटो बंद करायचा आणि फेरे किती घटतात ते पाहायचे. मात्र दोषी सिलिंडर कोणता, हे त्यावरून कळत नाही. 1948 साली मुंबई-लंडन मार्गावर उडू लागलेल्या एअर इंडिया इंटरनॅशनलच्या कॉन्स्टेलेशन विमानाला चार इंजिने, 72 सिलिंडर आणि 144 प्लग होते. एवढ्या पसाऱ्यासाठीच प्रत्येक प्लगच्या ठिणगीचा आलेख पडद्यावर दाखवणारे इग्निशन अ‍ॅनलायझर आले.

आजच्या छोट्या विमानांत सिलिंडर आडवे, समोरासमोर असतात. ज्या मॅग्नेटोवर फेरे जास्त घटतात, त्यावरच इंजिन थोडे चालवून बंद केले की न पेटलेल्या सिलिंडरची एक्झॉस्ट नळी इतरांपेक्षा थंड लागते. मग प्लग काढून पाहायचा. काळा आणि ओला असेल तर तेल. काळा, कोरडा, मऊ असेल तर इंधनाचे प्रमाण जास्त. करडे, कडक मणी दिसले तर पेट्रोलमधले शिसे. नव्याने बांधलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा नीट बसेपर्यंत खालचे प्लग थोडे तेलकट राहणे स्वाभाविक आहे. जुन्या इंजिनात मात्र एकाच सिलिंडरचा प्लग पुन्हा पुन्हा ओला होत असेल, तर रिंगा, सिलिंडरची भिंत किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत, असेच आधी धरावे. तिथे नुसता प्लग पुसून किंवा बदलून भागत नाही.