लिम्नोक्नायडा इंडिका (गोड्या पाण्यातील जेलीफिश)

हायड्रोझोआ वर्गातील, सह्याद्रीच्या नद्यांत आढळलेला प्राणी. वर्गातील बहुतेक भाऊबंद समुद्रात राहतात. ओबेलियासारख्या त्यांच्या वसाहती कोकणच्या धक्क्यांवर, दोरांवर, कालवांच्या शिंपल्यांवर वाढतात. हा मात्र गोड्या पाण्यातला.

तो उजेडात आला तो मूळच्या मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांमुळे. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलेल्या आघारकरांना तो सातारा जिल्ह्यातल्या नदीत दिसला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनन्डेल यांनी १९११ मध्ये त्याचे वर्णन केले. तोवर लिम्नोक्नायडा ही प्रजाती फक्त आफ्रिकेत असते, असे मानत. पुढे आघारकर व प्राणिशास्त्रज्ञ ग्रेव्हली यांनी त्याच्या सवयींची आणि प्रसाराची टिपणे केली. त्याच्या मुख्य नोंदी वेण्णा व कोयना या नद्यांतल्या.

पोहणारे छत्र पारदर्शक, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे. काठावर बारीक शुंडकांची झालर, मध्ये रुंद तोंड आणि तोंडाभोवतीच जननग्रंथी. नर-मादी वेगळे. दंशकोशिकांनी तो पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो. माणसाला त्याचा डंख सहसा जाणवतही नाही. पावसाआधी प्रवाह मंदावला की शांत डोहात ही छत्रे तरंगू लागतात, आणि पूर आला की वाहून जातात.

गोड्या पाण्यातल्या अशा जेलीफिशांत पाण्यात दिसते ते छत्र म्हणजे प्राण्याचे निम्मेच आयुष्य. उरलेले दगडाला चिकटलेल्या पॉलिपांचे. ते मिलिमीटरच्या आसपास, शुंडकांशिवाय, गाळाच्या पातळ थराखाली दडलेले असतात. मुकुलनाने त्यांची दोन-चार जणांची वसाहत होते आणि त्यांच्याच अंगावर छत्रे उमलतात. त्यामुळे डोहात छत्र दिसले नाही म्हणून प्राणी नाही, असे ठरवता येत नाही. दगड उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि हे काम चिकाटीचे आहे.

कोयनेवर कोयनानगरला व वेण्णेवर कण्हेरला धरण झाल्यावर या नद्यांचे उन्हाळ्यातले रूप पालटले. आघारकरांनी पाहिलेल्या जागा पुन्हा नीट तपासायला हव्यात. कोयना-वेण्णेप्रमाणेच बारामती-इंदापूरकडच्या नीरा आणि भीमाही कृष्णा खोऱ्यातल्या, म्हणून त्याही तपासण्याजोग्या. नीरा-नरसिंहपूरला त्या एकत्र येतात. तिकडे शोध घ्यायचा तर भीमेवरच्या उजनी धरणाच्या पसरलेल्या पाण्याआधी नीरेचे भोरकडचे खडकाळ डोह पाहावेत, तेही मे महिन्यात, वळवाच्या सरींनी पाणी गढूळ होण्याआधी.