कांडला : धक्का, खाडी आणि बावटा

कच्छच्या आखाताच्या आतल्या टोकाला, कांडला खाडीच्या काठी, कच्छचे महाराव खेंगारजी तिसरे यांनी १९३१ मध्ये काँक्रीटचा धक्का बांधला. फाळणीत कराची पाकिस्तानात गेली आणि वायव्य भारताला नव्या बंदराची गरज भासली. १९४८ मध्ये कस्तुरभाई लालभाई समितीने कांडल्याची शिफारस केली. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९५५ मध्ये कांडला प्रमुख बंदर ठरले. सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी शेजारीच गांधीधाम वसले.

जहाजांना खाडीत चांगला आडोसा मिळे. भोवतालची जमीन मात्र सपाट, खारी आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम वर होती. तिच्यावर मिठागरे पसरली. तेथे राबणारे मजूर मुलाबाळांसह बांधांलगतच्या झोपड्यांत राहत.

९ जून १९९८ रोजी पोरबंदरजवळ किनाऱ्यावर आलेले चक्रीवादळ कांडल्यावर आले. वाऱ्याने रेटलेले पाणी निमुळत्या आखातात कोंडले, फुगले आणि सपाटीवर पसरले. दोरखंड तुटून जहाजे काठावर चढली. सरकारी आकड्यांनुसारच हजाराहून अधिक माणसे दगावली. त्यांत मिठागरांतले आणि बंदरातले मजूर मोठ्या संख्येने होते. वादळाचा इशारा निघाला होता, पण बहुतेक झोपड्यांपर्यंत तो पोहोचलाच नाही. बंदरावरचा धोक्याचा बावटा जहाजांसाठी चढतो. मिठागरातल्या माणसाला सावध करण्याची सोय कोणीच केली नव्हती.

२००१ च्या कच्छमधील भूकंपानंतर गुजरातने आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले. दरम्यान अरबी समुद्र तापत होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये या समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली आणि त्यांचा एकूण कालावधी ८० टक्क्यांनी वाढला.

१५ जून २०२३ रोजी ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ कच्छमधील जखाऊजवळ धडकले. त्याआधीच कांडल्याचे कामकाज थांबवून जहाजे बंदराबाहेर पाठवण्यात आली. सखल भागातील मजुरांना गांधीधामच्या निवाऱ्यांत हलवले गेले. गुजरातमध्ये सुमारे लाखभर लोकांचे स्थलांतर झाले. पडझड मोठी झाली, तरी १९९८ सारखी मनुष्यहानी टळली.

समुद्राची पातळी वाढत असल्याने धक्के, गोदामे आणि रस्ते उंच करावे लागतील. त्याला पैसा आणि वर्षे लागतात. मजुराला वेळेवर सावध करून सुरक्षित जागी नेणे त्याआधीच साधता येते, आणि बंदराच्या तयारीची सुरुवात तेथूनच झाली पाहिजे.