वस्तादाची विद्या आणि तिचा वारसा

जपानात १८८२ साली जिगोरो कानो यांनी ‘तेनजिन शिन्यो’ व ‘कितो’ या दोन जुन्या युद्धपरंपरांतील विद्या एकत्र करून ज्यूदोची घडण केली. गुरूच्या घरापुरती राखलेली विद्या अशा रीतीने शाळेत आली आणि टिकली.

असाच यत्न मराठी मुलुखातही झाला. मराठेशाही मावळली, तसे पट्टा, विटा, बोथाटी यांचे रणांगणावरील प्रयोजन सरले. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्र बाळगणेही परवान्यावर आले. उरलेली विद्या आखाड्यांत, वस्तादांच्या स्मरणात राहिली. वस्ताद गेला की त्याच्यासवे त्याचे डावही जात.

ही हानी थांबविण्यास अनेक हात पुढे आले. बडोद्यात जुम्मादादांचे शिष्य माणिकराव यांनी व्यायामास सांघिक शिस्त दिली. तेथूनच द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड निघाले. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांचे शिक्षण एका छत्राखाली आले. १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांचे प्रदर्शन केले.

त्या काळी बालाघाट व अमरावती एकाच प्रांतात मोडत. १९५६ च्या पुनर्रचनेत अमरावती मुंबई राज्यात गेली, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. प्रांत विभागले, तरी हा वारसा दोहोंकडील मराठी घरांचा आहे. मात्र ग्रंथ डावाचे वर्णन राखतो. डाव जिवंत राखावयाचा तर शिकविणारा आणि शिकणारा समोरासमोर उभे राहिले पाहिजेत.