खेळांतील शस्त्रें आणि न्याय

राज्यांप्रमाणें खेळांच्या नियमांनाहि इतिहास असतो. ‘हाफ-लाइफ’ ह्या संगणकीय खेळांत फेरफार करून मिन्ह ली व जेस क्लिफ ह्या दोन तरुणांनीं १९९९ सालीं ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला. त्याच्या स्पर्धांत पांच-पांच गड्यांचे दोन पक्ष लढतात. एकाला एके-४७ विकत मिळते, दुसऱ्याला एम-४. पैकीं पहिली अधिक घातक. परंतु अर्धा सामना होतांच बाजू बदलतात, आणि विषमता दोघांच्या वांट्यास सारखीच येते. एडब्ल्यूपी ही दुर्बिणीची बंदूक छातीवर एकाच गोळीनें प्राण घेते; म्हणून खेळांतल्या पैशांत तिचें मोल ४७५० डॉलर ठेविलें. तेंहि अपुरें वाटून २०१५ सालीं दुर्बीण लावून चालणाऱ्याची गति मंदावली. २०२२ सालीं मॅगझीनमधील गोळ्या १० वरून ५ वर आणल्या.

वर्षानुवर्षें घोटलेला हात अशा फर्मानानें अडखळतो, हें खरें. पण फर्मान निदान सर्वांस सारखें असतें. टेबलावरील यंत्राचें तसें नाहीं. एकाचा पडदा सेकंदास ६० वेळां चित्र बदलतो, दुसऱ्याचा २४० वेळां. शत्रु प्रथम कोणास दिसेल, हें सांगावयास नको. मोठ्या सामन्यांत संयोजक सर्वांस एकसारखीं यंत्रें देतात. घरीं मात्र ज्याची त्याची थैली. बंदुकीचें मोल ठरविणाऱ्या नियमकर्त्यांस त्या थैलीचा भार अद्याप तोलतां आलेला नाहीं.