नांदेड-लातूरच्या रेडिओवर परक्या गाण्यांचा शिरकाव

प्रत्येक रेडिओ केंद्राचे एक 'आपले' संगीत असते. उरलेले सारे पाहुणे. कोणाला आपले म्हणायचे आणि कोणाला किती वेळ बसू द्यायचे, हे केंद्राचे धोरण ठरवते. अमेरिकेत रॉक संगीताच्या चाकोरीबाहेरच्या धारेला वाहिलेली केंद्रे उभी राहिली आणि १९८८ साली 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने त्या संगीताची वेगळी क्रमवारी सुरू केली. तिथेही काही वर्षांतच सीमा ढिल्या झाल्या. १९९४ मध्ये हिपहॉपच्या ठेक्यावर बांधलेले बेकचे 'लूझर' आणि २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या लॉर्डचे 'रॉयल्स' हे जवळजवळ गिटारविरहित पॉप गाणे त्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर गेले. नांदेड आणि लातूरच्या श्रोत्यांनी याच जातीची ओढाताण कितीतरी आधीपासून अनुभवली. फरक इतकाच की तिकडे प्रश्न बाजाराचा होता आणि इकडे सरकारी धोरणाचा.

या भागाचा रेडिओ निजामाच्या राजवटीत जन्मला. हैदराबादेत खासगी प्रयत्नातून सुरू झालेले प्रक्षेपण १९३५ मध्ये निजाम सरकारने ताब्यात घेतले आणि ते 'डेक्कन रेडिओ' या नावाने ओळखले जाऊ लागले. संस्थानात उर्दू, तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे लोक होते, त्यामुळे या भाषांतले कार्यक्रम होत, पण राजभाषा उर्दू असल्याने मान उर्दूचा होता. मराठवाड्यासाठी औरंगाबादेतही केंद्र निघाले. नांदेड हा तेव्हा संस्थानातला जिल्हा होता, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातले बाजारपेठेचे गाव. स्वतंत्र लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती जाहीर केली तीही याच डेक्कन रेडिओवरून. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे, म्हणजे पुढच्या आकाशवाणीकडे, आली.

या हस्तांतराबरोबर ऑल इंडिया रेडिओची संगीतविषयक शिस्तही आली, आणि मराठवाड्यातल्या गाण्याला ती फार अडचणीची होती. हार्मोनियमची बंदी हे तिचे ठळक उदाहरण. पेटीच्या पक्क्या बांधलेल्या स्वरांतून हिंदुस्थानी रागातल्या श्रुती आणि मींड निघत नाहीत, या कारणावरून १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद झाली होती. रवींद्रनाथ ठाकुरांचाही पेटीला विरोध होता. रागसंगीतापुरता हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण नांदेडच्या गल्लीतले भजनी मंडळ, औशाच्या नाथ संस्थानातले कीर्तन, कंधारच्या दर्ग्यातली कव्वाली आणि आंबेडकरी जलसा या सगळ्यांचा सूर पेटीवरच उभा आहे. ज्या निकषाचा या गाण्यांशी काही संबंध नव्हता, तोच त्यांना लावला गेला. ही बंदी सैल व्हायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

दुसरा मोठा फेरफार १९५२ नंतरचा. माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, संगीताचे जाणकार आणि आपल्या मताला चिकटून राहणारे गृहस्थ. संस्थानिकांचा आश्रय गेल्यावर रागसंगीताला आधार द्यायचा तर तो रेडिओनेच, ही त्यांची भूमिका होती, आणि तिचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. कलावंतांची ऑडिशन घेऊन श्रेणी देण्याची पद्धत पक्की झाली आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या विद्वानाकडे तिची धुरा आली. मुंबईच्या अनेक गायक-वादकांनी या परीक्षेला विरोध केला, तरी श्रेणी टिकली.

याच धोरणाची दुसरी बाजू म्हणजे चित्रपटगीतांची हकालपट्टी. आधी त्यांचा वेळ कापला गेला. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते, म्हणून ते सांगणेही थांबले. त्यावरून निर्मात्यांशी बिनसले आणि गाणी बंदच पडली. श्रोते मात्र थांबले नाहीत. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लागत असे, आणि १९५२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'ने अमीन सयानींचा आवाज देशभर नेला. सिलोनसाठी उंच एरियल लावण्याची तसदी लोकांनी आनंदाने घेतली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली आणि हाकललेले गाणे सन्मानाने आत आले.

चित्रपटातल्या कलावंतांना मराठी आकाशवाणीने त्याआधीच एक दार उघडून दिले होते. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ पासून 'गीतरामायण' सुरू झाले. कार्यक्रमाची कल्पना केंद्रातल्या सीताकांत लाड यांची. कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके, दोघेही चित्रपटसृष्टीतले यशस्वी व्यावसायिक. चित्रपटगीताला वेळ न देणाऱ्या संस्थेने त्याच गीताच्या कारागिरांकडून वर्षभर दर आठवड्याला नवे गाणे करवून घेतले, एकूण ५६. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे निरनिराळ्या वाटांचे गळे त्यात एकत्र आले. विषय रामकथेचा, चाली रागांच्या आधाराने बांधलेल्या, नाव 'सुगम संगीत'. शास्त्रीय आणि चित्रपट यांच्या मधली ही नवी जागा मराठी श्रोत्याने इतकी आपलीशी केली की पुढची कित्येक दशके मराठी रेडिओचे 'आपले' संगीत म्हणजे भावगीत असेच समीकरण झाले.

मराठवाडा या घडामोडींच्या काठावर राहिला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता, म्हणून ग्रामीण श्रोतामंडळांचा देशातला पहिला मोठा प्रयोग १९५६ च्या सुरुवातीला पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत झाला तेव्हा त्यात मराठवाड्याचे गाव नव्हते. औरंगाबादचे केंद्र मधल्या काळात बंद पडले, ते १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्याआधी १९६८ साली परभणीला आकाशवाणी केंद्र आले आणि परिस्थिती पालटली. नांदेड तिथून सत्तर किलोमीटरच्या आत, लातूरही मध्यम लहरींच्या टप्प्यात. ट्रान्झिस्टर स्वस्त होण्याचा काळही हाच. बैलगाडीच्या जुवाला टांगलेल्या ट्रान्झिस्टरवर आता मराठवाड्याच्या हेलातले मराठी ऐकू येऊ लागले.

गोंधळ, भारूड, गवळण, वाघ्या-मुरळीची गाणी, पोवाडा, जात्यावरच्या ओव्या हे या मुलखाचे संगीत. माहूरची रेणुका गोंधळ्यांची देवी आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत तमाशाचे फड उतरतात आणि लावणी महोत्सव भरतो. एकनाथांचे पैठण मराठवाड्यातच असल्याने भारूड इथे घरचेच. या गाण्यांना रेडिओवर वेळ मिळाला तो मुख्यतः ग्रामीण श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमांत. १९६६ च्या सुमारास आकाशवाणीत शेती आणि गृह विभाग सुरू झाले. संकरित ज्वारीचे वाण, कीडनाशकाचे प्रमाण आणि बाजारभाव यांच्या मध्ये एखादे भारूड किंवा पोवाडा बसवला जाई. म्हणजे संगीताच्या खोलीत ज्याला दुय्यम आसन होते, त्याला शेतीच्या खोलीत मान मिळाला. मुंबई केंद्रावर 'कामगार सभे'ने शाहिरी गाण्याला असाच निवारा दिला.

या प्रवेशाची किंमतही होती. गोंधळ रात्रभर चालतो. संबळ तापत जातो, आख्यान रंगते, मध्येच विनोदी बतावणी येते, यजमानाच्या कुळातल्या देवतांना आवाहन होते. रेडिओचा तुकडा पंधरा मिनिटांचा. तमाशातल्या गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमापैकी माइकसमोर टिकली ती गवळण, फार तर एखादी सोज्वळ लावणी. भारुडातला अभिनय अदृश्य झाला आणि उरले पद. स्टुडिओत समोर प्रेक्षक नाही, त्यामुळे हजरजबाबीपणाला वावच राहिला नाही. श्रेणीच्या पद्धतीला गाणाऱ्याचे नाव, प्रकार आणि कवी यांची नोंद हवी असे; ओवीची कवयित्री तर गावातली प्रत्येक बाई. अशा छाटणीनंतर जे हवेत गेले त्यालाच पुढच्या पिढीने 'लोकगीत' मानले, ही खरोखर मोठी हानी आहे. तरीही, खेड्यातल्या बाईला आपल्या आजीची ओवी सरकारी यंत्रातून ऐकू येणे यात एक प्रतिष्ठा होती, ती कमी लेखता येणार नाही.

भक्तिसंगीताची वाट तुलनेने सोपी होती. रागसंगीतातले मोठे गायक अभंग गाऊ लागले आणि पहाटेच्या प्रक्षेपणात ते रुळले. भीमसेन जोशींच्या अभंगगायनाने १९७० च्या दशकात ही वाट हमरस्ता केली. अभंग तोच, पण पखवाज-टाळांच्या भजनी चालीत गाणारा वारकरी आणि मैफलीतला गवई यांना रेडिओवर सारखा वेळ मिळाला नाही.

सगळ्यात जास्त काळ बाहेर थांबावे लागले ते डॉ. आंबेडकरांवरच्या भीमगीतांना. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची रचना, प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) आणि विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांचे गळे, कव्वालीच्या सवाल-जवाबाचा बाज आणि शाहिरी आवेश यांतून हा प्रकार घडला. नांदेड-लातूरच्या वस्त्यांत त्याला अफाट श्रोता होता. १९७८ ते १९९४ या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर लढ्याच्या काळात तर गाणे हेच चळवळीचे वर्तमानपत्र होते. आकाशवाणीवर या गाण्यांची जागा मुख्यतः १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या आसपास. वर्षातले उरलेले दिवस कॅसेटने भरून काढले. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि श्रेणी, ऑडिशन, वेळापत्रक या कशाचीच गरज उरली नाही. सिलोनने चित्रपटगीतासाठी जे केले, तेच कॅसेटने भीमगीतासाठी केले. फरक एकच: चित्रपटगीताला पाच वर्षांत आकाशवाणीने परत बोलावले, भीमगीताला तसे निमंत्रण आले नाही.

१९९० च्या दशकाच्या आरंभी आकाशवाणीने जिल्हा पातळीवर एफएमची स्थानिक केंद्रे उभारली. १९९१ मध्ये नांदेडला असे केंद्र मिळाले. बीड आणि उस्मानाबादलाही मिळाले. आवाका एका जिल्ह्याचा, त्यामुळे जवळच्या कलावंताला स्टुडिओ एसटीच्या एका फेरीत गाठता येऊ लागला. नाव नसलेल्या भजनी मंडळाला, शाळेच्या गायनवृंदाला, बंजारा तांड्यावरच्या गाण्याला स्थान देणे अशा केंद्राला शक्य होते, कारण त्याची रचनाच त्यासाठी होती. लातूर शहराला स्वतःचे असे केंद्र मिळाले नाही; त्याची भिस्त शेजारच्या केंद्रांवरच राहिली.

२००६ च्या लिलावांनंतर नांदेडला खासगी एफएम आले. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, म्हणून सारा भर गाण्यावर, आणि ते गाणे बहुतांशी चालू हिंदी चित्रपटांतले. केसकरांच्या काळात चित्रपटगीत बाहेर आणि रागसंगीत आत होते. आता रागसंगीत, भावगीत, गोंधळ, कव्वाली सारेच बाहेर आणि चित्रपटगीत एकटे आत. गोंधळी किंवा शाहीर या केंद्रांवर पोचतो तो चित्रपटाने त्याची चाल उचलल्यावरच.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांत खासगी एफएमच्या ७३० वाहिन्यांचा लिलाव करण्यास मंजुरी दिली. त्या यादीत लातूर आणि उदगीर ही दोन्ही नावे आहेत.