गाडी मागे घेण्याची परीक्षा

मोटार शिकण्याचे वय कोणते, असा प्रश्न मंडळात निघतो तेव्हा मला फ्रान्सच्या उझेसच्या डचेसबाई आठवतात. १८९८ साली त्यांनी पॅरिसमध्ये चालकाची परीक्षा दिली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्याच वर्षी ताशी १२ किलोमीटरची मर्यादा ओलांडली म्हणून त्यांना दंडही झाला! पुढे पुरुषांच्या मोटार-क्लबात बायकांना प्रवेश नाही, असे पाहून १९२६ मध्ये बायकांचा निराळा क्लब निघाला आणि त्याच्या अध्यक्षा याच बाई झाल्या. म्हणजे एक महिला मंडळच म्हणावयाचे.

ही परीक्षा पॅरिसमध्ये १८९३ च्या हुकुमाने आली. परीक्षक असे खाणखात्याचा अभियंता, कारण वाफेच्या यंत्रांवर देखरेख त्याच खात्याची. इंग्लंडात मात्र १९०३ च्या कायद्याने पाच शिलिंग भरले की परवाना हाती पडे. गाडी येते की नाही हे कोणी विचारीत नसे. १९३४ या एका वर्षात तेथील रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मेली, तेव्हा कोठे १ जून १९३५ पासून परीक्षा सक्तीची झाली. फी साडेसात शिलिंग. परीक्षेची केंद्रे नव्हतीच. परीक्षक एखाद्या बागेपाशी नाहीतर रेल्वे स्टेशनवर भेटावयाचा.

आपल्याकडे १९१४ च्या कायद्यानंतर १९३९ चा आला आणि त्याची जागा १९८८ च्या कायद्याने घेतली. १९८९ च्या केंद्रीय नियमांत परीक्षेची कलमे सविस्तर दिली आहेत. त्यांतली दोन बायकांना (आणि पुरुषांनाही, ते बोलत नाहीत इतकेच) फार छळतात. चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुढे काढणे हे एक. आणि डाव्या वा उजव्या हाताच्या अरुंद जागेत गाडी मागे नेऊन नेमकी घालणे हे दुसरे. केरळात यासाठी खांब रोवून 'एच' अक्षराचा मार्ग आखीत आले आहेत.

आपल्या एका भगिनीची परीक्षा जवळ आली आहे. यजमानांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते, आणि दर वेळी रिक्षासाठी कोणाचे तरी पाय धरावे लागतात. तिला परवाना हौसेसाठी नको आहे. म्हणून तिला जे सांगितले तेच येथे लिहिते.

पटांगणात चुन्याच्या फक्कीने रेघा ओढाव्या, कोपऱ्यांवर विटा उभ्या कराव्या. मागे जाताना गाडीचा मागचा भाग ज्या बाजूला न्यावयाचा, त्याच बाजूला चाक फिरवावे. अशा वेळी पुढचे टोक उलट दिशेला फाकते, आणि विटा बहुधा तिकडच्याच पडतात! ॲक्सिलरेटरला हात आखडता ठेवून क्लच अर्धा दाबून गाडी मुंगीच्या पावलाने न्यावी. नुसत्या आरशावर विसंबू नये, मान वळवून मागे पाहावे. आरशावरून आठवले: डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारपटू बाईंनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात बायकांना सुचविले होते की, जवळ हातआरसा ठेवावा आणि तो मधूनमधून उंच धरून मागचा रस्ता पाहावा. मोटारीला आरसे सर्रास बसू लागले ते त्यानंतर.

चढावर हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकावा, किंचित ॲक्सिलरेटर देत क्लच हळूहळू वर घ्यावा. इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीचे नाक जरासे उचलले, की मगच हँडब्रेक सोडावा. घाई केली तर गाडी मागे येते, फार रेंगाळले तर बंद पडते. बंद पडली तरी घाबरून उतरू नये. हँडब्रेक ओढून, गिअर काढून पुन्हा सुरू करावी.

इंग्लंडने ४ डिसेंबर २०१७ पासून कोपऱ्याभोवती गाडी मागे घेण्याची जुनी कसोटी परीक्षेतून काढून टाकली, हे या भगिनीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "ते असू दे हो, आमच्या गल्लीचा कोपरा कोण काढणार?"